शेठ गडावर आहेत

संगमनेर-अकोले पट्ट्यात शनिवार कलला की काही बऱ्या घरच्या माणसांच्या अंगात डोंगर येतो. एरवी ही माणसं चारचौघांसारखीच असतात; कुणी हायस्कूलवर गणित शिकवतो, कुणी पतसंस्थेची वसुली बघतो, कुणाचं मेडिकल आहे. पण या जमातीचा अर्क पाहायचा असेल तर खता-बियाण्यांचं दुकान गाठावं. गल्ल्यावर पन्नाशीला टेकलेले शेठ बसलेले असतात. मागे लक्ष्मीची तसबीर, तिच्या शेजारी औषध कंपनीचं कॅलेंडर आणि त्याच्याही शेजारी हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरचा शेठचा फोटो. फोटोत कडा कमी आणि शेठ जास्त आहेत.

नगर जिल्हा (कागदोपत्री आता अहिल्यानगर) बाहेरच्यांना साखर कारखान्यांमुळे आणि शिर्डीमुळे माहीत. पण त्याच्या वायव्य कोपऱ्यातल्या अकोले तालुक्यात १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई, हरिश्चंद्रगड, रतनगड आणि सांदण दरी असा सगळा खजिना आहे. पुण्या-मुंबईची पोरं रात्रभर गाडीत अवघडून इथं येतात. शेठ सकाळचा चहा घरी पिऊन निघाले तरी ऊन चढायच्या आत हरिश्चंद्रगडाखालच्या पाचनईत असतात. डोंगर इतका जवळ असणं हे भाग्यच, पण त्याचा एक तोटा आहे. मुंबईकर गडावर गेला की गेला. शेठ गडावर गेले तरी गावातच असतात.

म्हणजे असं, की कोकणकड्याखालून ढग वर येतायत, आज इंद्रवज्र, म्हणजे ढगावरचं गोल इंद्रधनुष्य, दिसणार म्हणून मंडळी कड्याच्या काठाशी पालथी पडून आहेत, आणि शेठचा फोन वाजतो. रेंज नेमकी त्याच दगडावर.

"शेठ, टमाट्यावर करपा आलाय. काय मारू?"

शेठ पडल्यापडल्याच औषध सांगतात, पंधरा लिटरच्या पंपाला किती ते सांगतात, पावसाचं वातावरण असेल तर स्टिकर टाक म्हणतात. पलीकडून "पैशाचं दिवाळीनंतर बघू" असं येतं. तोवर इंद्रवज्र येऊन गेलेलं असतं.

रविवारची खरी अडचण मात्र वेगळीच. या भागात लग्नाला दांडी मारली तर एकवेळ चालतं. दशक्रियेला चेहरा दाखवावाच लागतो. सकाळी साडेसातला प्रवरेच्या काठी प्रवचन, मग श्रद्धांजल्या: सरपंच, बाजार समितीचे संचालक, कारखान्याचे माजी संचालक, आणि 'वेळेअभावी दोनच शब्द' म्हणत वीस मिनिटं घेणारे एक गुरुजी. शेठच्या गाडीच्या डिकीत म्हणूनच पांढरा शर्ट कायम इस्त्री करून ठेवलेला. वर पांढरा शर्ट, खाली सतरा खिशांची डोंगरी विजार, अशा थाटात शेठ शेवटच्या रांगेत हात जोडून उभे असतात. सगळी भिस्त कावळ्यावर. तो पिंडाला शिवेना की गर्दीत कुजबुज होते, मयताची कोणती इच्छा राहिली असेल. शेठचीही एक इच्छा राहिलेली असते, आणि उन्हं तापायच्या आत तिची चढण लागायला हवी असते.

गडावर पोहोचल्यावर शेठची जीभ जागी होते. केदारेश्वराच्या गुहेतलं ते पाण्यातलं प्रचंड शिवलिंग, चारांपैकी उरलेला एकच खांब, हे सगळं शेठ भक्तिभावाने पाहतात, पण घाईने. खरं दर्शन पुढे झापात असतं. तव्यावरून उतरलेली नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी, पातळ पिठलं. शेठ भाकरीचा पापुद्रा दोन बोटांनी अलगद उचलतात, आतली वाफ हुंगतात आणि डोळे मिटतात. श्रावणात भारंगी, कुर्डू, करटोली. पहिल्या पावसात खेकड्यांचा रस्सा. उतरताना राजूरला थांबून पेढे. आणि जेवण चुलीवरचंच हवं. रतनवाडीच्या मुक्कामात एका मावशींनी स्वतःचा चहा आत गॅसवर ठेवला होता आणि शेठसाठी बाहेर ओली लाकडं फुंकत बसल्या होत्या. धूर मावशींच्या डोळ्यात गेला, चव शेठच्या जिभेवर आली. दोन्हींचे पैसे मात्र शेठनी मोजून दिले, घासाघीस केली नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं.

हेच शेठ सोमवारी घरी ताटात बाजरीची भाकरी दिसली की विचारतात, "आज चपात्या नाहीत का?"

हिमालय हा या आजाराचा पुढचा टप्पा. दिवाळी उरकली की शेठ उत्तराखंडात जातात. एका वर्षी तिथून त्यांनी पहाडी धान्याच्या पुड्या आणल्या. मंडुवा आणि गहत. मंडुव्याची रोटी, गहतची डाळ, त्यातली ताकद, ती चव, असं जेवणाच्या ताटावर अर्धा तास निरूपण झालं. आईने पुडी सुपात ओतली. चष्मा नाकावर सरकवून दाणे इकडून तिकडे केले, दोन खडे काढले, एक दाणा दाताखाली फोडून पाहिला.

"आरं, हे हुलगं हायेत. शेंगोळे केले की ताटावरून उठतोस तेच. आन ही नागली."

"आई, हे हिमालयातलं आहे."

"मग तिथं खायचं व्हतं."

मे अखेरीला तर शेठची दया येते. भंडारदऱ्याच्या परिसरात काजवे चमकायला लागतात तेव्हाच दुकानात खरिपाची झुंबड उडते. सोयाबीन, मका, बाजरी, आणि युरियाचा ट्रक कधी येईल याचा नेम नाही. मग शेठ रात्री दहाला शटर ओढतात, बारा-साडेबारापर्यंत एखाद्या लखलखत्या झाडाखाली तोंड उघडं टाकून उभे राहतात, आणि सकाळी आठला हमालांसमोर गोण्या मोजताना पेंगतात. दोन गोण्या जास्त मोजल्या जातात त्या बहुधा याच दिवसांत.

मध्यंतरी शेठ कोंभाळण्याला राहीबाई पोपेरे यांची बियाणे बँक पाहून आले. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी गावरान वाणांचं बी जपलं, वाढवलं, वाटलं, आणि २०२० साली पद्मश्री मिळवली. शेठ भारावून गेले. तेव्हापासून गल्ल्यावर बसून ते येईल त्याला गावरान बियाण्याचं महत्त्व सांगतात. पाठीमागे संकरित बियाण्यांची पाकिटं छतापर्यंत रचलेली असतात, आणि दुकान त्यांच्यावरच चालतं.

परवा गडाखालच्या वाडीतले एक मामा दुकानात आले. शेठ ज्यांच्या ओसरीवर हक्काने पसरतात, तेच. त्यांनी लवकर येणाऱ्या बुटक्या भाताचं बी मागितलं. शेठ कळवळले. काळभात, त्याचा वास, त्याची पेज, वाडवडिलांचा ठेवा. गिऱ्हाइकं खोळंबली तरी शेठ थांबेनात. मामांनी टोपी काढून डोकं खाजवलं, टोपी परत घातली.

"शेठ, काळभात वाऱ्यानं लोळतो. तुमच्यासाठी बांधाकडंला दोन ओळी लावतोच की. आता ती पिशवी द्या. तीनची यष्टी गेली तर मला मुक्कामाला तुमच्याकडं यावं लागंल, आन आपल्याला ते गॅसवरचं चालत नाही."