स्वेच्छानिवृत्तीचा निर्णय : वऱ्हाडी नोकरदारासाठी एक शास्त्रोक्त पद्धती

नियत वयोमानाआधी कर्मचाऱ्याने स्वतः अर्ज करून सेवेबाहेर पडणे म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, अशी व्याख्या सर्वत्र आढळते. मात्र कर्मचाऱ्याला अशी इच्छा व्हावी, अशी इच्छा बहुधा त्याच्याआधी मालकाला झालेली असते, हा भाग कोणत्याही परिपत्रकात छापलेला नसतो. या विषयाच्या अभ्यासकाने आरंभीच दोन प्रकार वेगळे करावेत. पहिला नियमाचा प्रकार होय, ज्यात राज्य शासनाचा कर्मचारी वीस वर्षांच्या अर्हताकारी सेवेनंतर, म्हणजे निवृत्तिवेतनासाठी मोजल्या जाणाऱ्या सेवेनंतर, तीन महिन्यांची नोटीस देऊन मोकळा होऊ शकतो आणि त्याबद्दल त्याला कोणी जादा दमडीही देत नाही. दुसरा योजनेचा प्रकार होय, ज्यात मालकाला माणसे कमी करायची असतात आणि त्यासाठी तो सानुग्रह रक्कम, म्हणजे हक्काच्या देण्यांखेरीज केवळ जाण्याबद्दल द्यायची रक्कम, देऊ करतो. पहिल्या प्रकारात माणूस कंटाळून जातो आणि दुसऱ्यात हिशेब करून जातो, असे मानण्याची प्रथा आहे. प्रस्तुत विवेचनाचा रोख या प्रथेच्या विरुद्ध आहे, कारण दुसऱ्या प्रकारातही निर्णय आधी होतो आणि हिशेब त्याच्या समर्थनासाठी मागाहून केला जातो.

निर्णयासाठी स्थळ निवडणे ही पहिली पायरी होय. कार्यालय त्यासाठी अयोग्य ठरते, कारण तेथे प्रत्येक टेबलावर वेगळा सल्ला मिळतो, आणि घर त्याहून अयोग्य ठरते, ज्याचे कारण पुढे येईलच. अमरावती जिल्ह्यातील नोकरदाराने कुऱ्ह्यावरून कौंडण्यपूर गाठावे आणि वर्धा नदीच्या काठी, पलीकडे आर्वीचा मुलूख दिसेल अशा जागी बसावे. कार्तिकातील यात्रेचे दिवस मात्र टाळावेत, कारण त्या गर्दीत ओळखीचे किमान चार जण भेटतात आणि चौघेही पगार किती ते विचारतात.

या स्थळाच्या निवडीला शास्त्राधार आहे. विदर्भराज भीष्मकाची राजधानी कुंडिनपूर ती हीच, अशी परंपरा आहे, आणि ठरलेली व्यवस्था सोडून स्वेच्छेने निघून जाण्याचे या प्रदेशातील सर्वांत जुने उदाहरण येथलेच आहे. भावाने शिशुपालाशी लग्न ठरवलेले असताना रुक्मिणीने कृष्णाला पत्र धाडले. भागवताच्या दशम स्कंधात ते पत्र अवघ्या सात श्लोकांचे आहे, आणि तेवढ्यात तिने कारण सांगितले, मुदत सांगितली, देवीच्या दर्शनाला आपण नगराबाहेर येऊ तेव्हा न्यावे असे स्थळही सांगून टाकले. शिवाय पत्र नेणारा माणूस भरवशाचा निवडला आणि पुढचे ठिकाण नक्की झाल्याखेरीज आधीचे सोडले नाही. अर्जाच्या मसुद्यात वरिष्ठांच्या छळाचे चार परिच्छेद घालणाऱ्या कर्मचाऱ्यांनी या संक्षेपाकडे विशेष लक्ष द्यावे. लग्न जुळावे म्हणून एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’चे पारायण करण्याची चाल महाराष्ट्रात आहे, नोकरी सुटावी म्हणून ते अद्याप कोणी केलेले ऐकिवात नाही, वास्तविक विषय त्यालाही लागू पडतो.

रुक्मिणीचा भाऊ रुक्मी याचे उदाहरणही तितकेच बोधप्रद आहे, परंतु उलट्या दिशेने. बहिणीला परत आणल्याशिवाय कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही, असे तो रागाच्या भरात सर्वांसमक्ष बोलून बसला, आणि पराभवानंतर त्याला भोजकट नावाचे वेगळे नगर वसवून राहावे लागले. अमरावतीजवळची भातकुली तीच, असे मानतात. साहेबाशी भांडण झाल्याच्या दुपारी अर्ज करणारे सर्व कर्मचारी या वर्गात मोडतात. आयकराच्या नियमांनीही रुक्मीची ही अवस्था जणू कायम करून ठेवली आहे: आयकर कायद्यानुसार स्वेच्छानिवृत्तीच्या भरपाईपैकी पाच लाख रुपयांपर्यंतची रक्कम, तीही आयुष्यात एकदाच, करमुक्त धरली जाते, आणि त्यासाठी योजना ज्या अटींत बसावी लागते त्यांपैकी एक अशी की निवृत्त झालेल्याने त्याच व्यवस्थापनाच्या दुसऱ्या कंपनीत नोकरी धरू नये. दुसरी अट अशी की त्याच्या जाण्याने रिकामी झालेली जागा भरली जाऊ नये. आपल्यावाचून कार्यालयाचे कसे होईल, या चिंतेने ज्यांना झोप लागत नाही, त्यांनी ही दुसरी अट वाचावी. त्यांची जागा दुसरा कोणीही घेऊ शकणार नाही, याची हमी येथे साक्षात आयकर खाते देते.

यानंतर ताणाचे मोजमाप करावे. ताणाचे तीन वर्ग संभवतात: वरून येणारा, म्हणजे साहेबाचा, समोरून येणारा, म्हणजे ग्राहकाचा अथवा खातेदाराचा, आणि मागून येणारा, म्हणजे घरचा. स्वेच्छानिवृत्तीने पहिले दोन सुटतात आणि तिसऱ्याला दिवसाचे आठ तास जादा मिळतात. तिसऱ्या वर्गाचा ताण प्रबळ असलेल्या व्यक्तीसाठी कार्यालय हे दुखणे नसून औषध असते, आणि तिने ते सोडू नये. परीक्षा सोपी आहे. सलग चार सुट्ट्या आल्या असता चौथ्या दिवशी ज्याला कार्यालयाची आठवण येते, त्याने अर्जाचा विचार तूर्त थांबवावा. पत्नीकडून येणारा प्रश्न, जो वऱ्हाडात साधारणपणे “सोडून देसान, मंग दिवसभर घरी काय करसान?” अशा शब्दांत विचारला जातो, तो तिसऱ्या वर्गाची पूर्वसूचना समजावा. याच्या उलट चहाच्या टपरीवरचा मित्र “काहून मरून राह्यला बे, दे न सोडून!” असे म्हणतो, त्याचा सल्ला मनापासून दिलेला असतो, परंतु त्याची स्वतःची नोकरी शाबूत असते, हे ध्यानात ठेवावे.

आता गणित. सानुग्रह रकमेच्या अनेक सूत्रांपैकी ‘गुजरात पद्धत’ म्हणून ओळखले जाणारे सूत्र प्रसिद्ध आहे: झालेल्या सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी 35 दिवसांचा पगार आणि राहिलेल्या सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी 25 दिवसांचा पगार. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून 60,000 रुपये घेणारा, 54 वर्षांचा, 30 वर्षे सेवा झालेला आणि साठाव्या वर्षी निवृत्त होणारा कर्मचारी घेतला, तर पहिल्या भागाचे 1,050 आणि दुसऱ्याचे 150 असे 1,200 दिवस होतात; महिना तीस दिवसांचा धरता हे चाळीस महिने, म्हणजे 24 लाख रुपये झाले. तोच राहिला तर पुढील 72 महिन्यांत त्याला 43 लाख 20 हजार मिळतील. गेला आणि निम्म्या पगाराइतके निवृत्तिवेतन लगेच सुरू झाले तर तेवढ्याच काळात त्याचे 21 लाख 60 हजार होतील, जे सानुग्रह रकमेत मिळवता 45 लाख 60 हजार भरतात. कर, वेतनवाढ आणि योजनेतील कमाल मर्यादा धरल्या की हा फरक इकडचा तिकडे होतो, आणि निवृत्तिवेतन नसेल तर साराच हिशेब कोलमडतो. हे गणित बहुधा आलेल्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर केले जाते व शर्टाच्या खिशात आठवडाभर फिरते. घडीवर आकडे पुसट झाल्यावर कर्मचारी ते पुन्हा मांडतो आणि या खेपेस ज्या बाजूला त्याचा कल असतो, त्या बाजूला हजारभर रुपये अधिक निघतात.

रकमेपेक्षा रकमेचे वाटेकरी मोजणे अधिक शास्त्रीय होय. धनादेश निघण्यापूर्वीच त्याचा विनियोग झालेला असतो: पगारदारांची पतसंस्था आपली बाकी पहिल्यांदा कापून घेते, पुण्यात स्पर्धा परीक्षेचा वर्ग लावलेल्या मुलाला आणखी दोन वर्षे लागणार असतात, जावयाच्या पाहण्यात अमरावतीच्या बायपासजवळ एक प्लॉट आलेला असतो, आणि गावाकडच्या भावाला सामाईक वावरातल्या विहिरीचा गाळ आजवर कधी आठवला नाही, तो नेमका आता आठवतो. विम्याचे एजंट तर योजनेची बातमी कर्मचाऱ्याआधी वाचतात. म्हणून पहिल्या पायरीत घर हे स्थळ वर्ज्य मानले आहे. ज्याचे वाटेकरी रकमेहून अधिक भरतात, त्याने नोकरीत राहावे, कारण दरमहा थोडा थोडा जाणारा पैसा नातेवाइकांच्या नजरेत एकदम भरत नाही.

‘मंग कास्तकारी पाहीन’ हे उत्तर वऱ्हाडात इतके सार्वत्रिक आहे की त्यासाठी स्वतंत्र प्रकरण हवे. येथे एवढेच नोंदवणे पुरे की, ज्याने तीस वर्षे वावर बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याला दिले आहे, त्याला पऱ्हाटीचा भाव आणि सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचा, भाव हे दोन्ही एकाच वर्षी कळतात. संत्र्याचा बगीचा नव्याने लावणाऱ्यास तर फळ धरायला कैक वर्षे थांबावे लागते. ताणमुक्तीसाठी शेतीकडे वळणे हा विनोद शेतकऱ्यांनी अजून ऐकलेला नाही, हे बरे आहे.

पूर्वानुभवाच्या दृष्टीने भारत संचार निगमचे उदाहरण सर्वांत उपयुक्त ठरते. 2019 साली या कंपनीत पगार लांबू लागले, निवृत्तीचे वय साठावरून अठ्ठावन्न होणार अशी अफवा उठली, आणि ऑक्टोबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने पन्नास वर्षे पूर्ण केलेल्यांसाठी वरील 35 व 25 दिवसांच्या सूत्राची योजना मंजूर केली. 4 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर अशी मुदत होती. सुमारे 78 हजार जणांनी अर्ज केले, मुंबई-दिल्लीच्या महानगर टेलिफोन निगममधून आणखी 14 हजारांवर गेले, आणि 31 जानेवारी 2020 रोजी सर्वांची सेवा एकाच दिवशी संपली. उशिरा येणारा पगार माणसाचे मन जितके लवकर वळवतो तितके कोणतेही सूत्र वळवत नाही. वस्तुतः जो मालक महिन्याचा पगार वेळेवर देऊ शकत नाही, तो चाळीस महिन्यांचा एकदम कोठून देणार, हा प्रश्न पडावयास हवा होता. या प्रकरणी सरकार मागे उभे होते, म्हणून तो पडला नाही तरी चालले. खासगी कारखान्यात तो अवश्य पाडून घ्यावा. अकोला, बडनेरा आणि अचलपूर येथील बंद पडलेल्या कापड गिरण्यांच्या कामगारांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

शेवटची बाब माघारीची. अर्ज केल्यावर रात्री मन पालटणे हा आजार नसून नियम आहे, आणि कायद्याने त्याची दखल घेतलेली आहे. 2000 सालच्या बँकांच्या योजनेसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने 2002 च्या अखेरीस असा निर्णय दिला की योजना ही केवळ निमंत्रण असते, कर्मचाऱ्याचा अर्ज हा प्रस्ताव असतो, आणि प्रस्ताव स्वीकारला जाण्यापूर्वी तो मागे घेता येतो. मात्र ज्यांनी योजनेचे पैसे घेऊन वापरले त्यांना मग माघार नाही. तेव्हा ज्याचे मन अजून डळमळते आहे, अशा अर्जदाराने पासबुक, एटीएम कार्ड आणि धनादेशाचे पुस्तक स्वीकृतीचे पत्र येईपर्यंत कुलपात ठेवावे, आणि त्या काळात प्लॉटचे बयाण्याचे पैसे मागायला जावई आलाच तर कुलपाची किल्ली कौंडण्यपूरला विसरली असे सांगावे.