मेंदू मोजायला शिका: नवशिक्यांसाठी सोपी कृती

आधी केस धुवा. ईईजी काढायचा तर डोक्याला तेलाचा थेंब चालत नाही, आणि छत्रपती संभाजीनगरच्या उन्हात कोरड्या डोक्याने बाहेर पडायचं म्हणजे घरात वाद ठरलेला. आजीला शांतपणे समजवा: तेलामुळे इलेक्ट्रोड कातडीला धड चिकटत नाहीत, आणि डोक्यावर मिळणारी मेंदूची वीज असते जेमतेम 10 ते 100 मायक्रोव्होल्ट. भिंतीतल्या सॉकेटात 230 व्होल्ट असतात. आजीला हे पटणार नाही. तुमची पाठ वळली की ती चंपी करेल. पुन्हा धुवा.

आता टेक्निशियनसमोर गप्प बसा. गुलमंडीवरचा शिंपी कोटाचं माप घेतो तशी तो नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेप लावेल, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. या अंतराच्या 10 आणि 20 टक्क्यांवर खुणा करायच्या, म्हणून पद्धतीचं नावच 10-20. प्रत्येक खुणेवर कातडी जराशी घासून चिकट पेस्ट लावतात आणि वायर बसवतात. अशा साधारण एकवीस. या अवतारात सेल्फी काढायचा मोह आवरा.

पुढची पायरी अवघड आहे: काहीही करू नका. थोर विचार आणलेत तरी कागदावर ते उमटत नाहीत. उमटते ती पापणी. बुबुळ आणि डोळ्याचा मागचा पडदा यांच्यात विजेचा फरक असतो, त्यामुळे एकदा डोळे मिचकावले की मेंदूच्या लाटांपेक्षा मोठी लाट येते. उस्मानपुऱ्यातून पान गालात दाबून आलात तर कानशिलाच्या स्नायूंचा असा गदारोळ उठेल की मेंदू आहे की नाही, हेच कळणार नाही. डोळे मिटा. आता डोक्याच्या मागच्या बाजूला सेकंदाला 8 ते 13 वेळा हलणारी संथ लाट दिसेल. हिचं नाव अल्फा. ती निवांत बसणाऱ्याला मिळते. डोळे उघडले की मावळते.

ही लाट टिपली येना शहरातल्या हान्स बर्गरने. तरुणपणी सैन्यात असताना तो घोड्यावरून पडून थोडक्यात वाचला. त्याच दिवशी घरून तार आली, कारण दूर घरी असलेल्या बहिणीला काळजी वाटली होती. विचार हवेतून जातात, अशी त्याची खात्री पटली. 1924 मध्ये त्याने माणसाच्या मेंदूची वीज नोंदवली आणि 1929 मध्ये ती छापली. शोधायला गेला होता मनकवडेपणा. आज त्याच्या यंत्रावर आकडीचं निदान होतं. मला हा सौदा चांगला वाटतो.

खिसा मोठा असेल तर फंक्शनल एमआरआय करा. शहरात एमआरआयच्या पाट्या भरपूर आहेत, पण तिथे सहसा मेंदूचा फोटो निघतो, त्याचं काम दिसत नाही. काम बघायचं तर रक्तातला ऑक्सिजन कुठे वाढला ते मोजतात. जोडवी, मंगळसूत्र, पदराची पिन बाहेर ठेवा. रक्ताची लाट शिगेला पोचायला पाचएक सेकंद लागतात. तोवर तुमचा विचार बदललेला असतो. शिवाय हिशेब नीट करा. 2009 मध्ये अमेरिकी संशोधकांनी मेलेला सामन मासा यंत्रात ठेवून त्याला माणसांचे फोटो दाखवले, आणि ढिसाळ आकडेमोडीत त्याचाही मेंदू जागा झाला.

पेट स्कॅनसाठी किरणोत्सारी साखर टोचून घ्यावी लागते. त्या भानगडीत नवशिक्यांनी पडू नये.

आता मनातलं वाचणं. हे आपल्या राज्यात करून झालंय. आरोपीला डोळे मिटून बसवायचं, डोक्याला वायरी लावायच्या, गुन्ह्याबद्दलची वाक्यं ऐकवायची आणि मेंदूला ते ‘अनुभवलेलं’ आठवतंय का ते यंत्राला विचारायचं. जून 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात दोषी ठरवताना अशी चाचणीही विचारात घेतली. पापणीची लाट मेंदूची म्हणून खपू शकते, हे ठाऊक असणाऱ्यांना घाम फुटला. 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात सांगितलं, की मर्जीविरुद्ध ही चाचणी करता येणार नाही, आणि मर्जीने केली तरी निकाल हा आपोआप पुरावा होत नाही.

तेव्हा कोणी वायरी घेऊन आलं आणि तुम्हाला हो म्हणायचंच असेल, तर आधी वकील गाठा, संमती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवा. वायरवाले घाईत असतील. त्यांना बसवून चहा पाजा.