नाव राखीव, काम खुलं

१९७२ च्या कायद्याने आम्हा आर्किटेक्टांना राखीव जागा दिली, ती नावाची. आमच्या परिषदेत नोंदणी नसेल तर कोणी स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घ्यायचं नाही. काम मात्र कोणीही करावं. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानेही कायद्याचा हाच अर्थ लावला. नंदुरबारला तो आधीपासून तोंडपाठ होता. इथे प्लॅन गवंडी काढतो, वास्तुवाला तो फिरवतो, साडू त्यात बाल्कनी घुसवतो, आम्ही सहीपुरते. फी सांगितली की, "भाऊ, एका कागदाचे एवढे?"

तोच भाऊ मोबाइलवर दुबईचा काचेचा बंगला दाखवतो. मे महिन्यात पारा ४२ वर, आणि काच हवी पश्चिमेलाच! छज्जा सुचवला तर म्हणे जुनाट दिसेल.

तिकडे धडगावच्या डोंगरात सागाचे खांब, शेणामातीने लिंपलेला कूड, खाली उतरलेलं कौलारू छप्पर. भर उन्हात आत गारवा. ना वास्तुवाला, ना एलिव्हेशन, ना माझी सही. अशा एका घराचा फोटो ऑफिसात लावलाय. गिऱ्हाईक थबकतं, "झकास रिसॉर्ट! तुमचंच काम ना?"

मी नाही म्हणत नाही. चहा मागवतो.