अडॅप्टरकाका

अडॅप्टरकाकांच्या घरात वस्तू मरतात, त्यांचे अडॅप्टर मरत नाहीत. कॉर्डलेस फोन गेला, मोडेम गेला, नातवाचा कीबोर्ड त्याच्या संगीताच्या आवडीसकट गेला. पण प्रत्येकाचा अडॅप्टर रबरबँड लावून, ‘कशाचा, किती व्होल्ट’ अशी चिठ्ठी चिकटवून माळ्यावर सुखरूप आहे. काका बहुधा कुठल्यातरी कारखान्याच्या मेंटेनन्समधून निवृत्त झालेले असतात. पुण्यात असले तर पासोड्या विठोबाच्या दर्शनाला वरचेवर जातात. विठोबा निमित्त, आजूबाजूची इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं हे खरं क्षेत्र. मुंबईत हीच भक्ती लॅमिंग्टन रोडवर रुजू होते.

रात्री दहाला शेजारचा मुलगा दार वाजवतो. “काका, राउटरचा अडॅप्टर गेला. बारा व्होल्टचा आहे का एखादा? पिन तीच आहे.”

“तीच म्हणजे कोणती?”

इथे मुलाने पळ काढायला हवा. तो काढत नाही, आणि व्हर्निअर बाहेर येतो. बाहेरून ५.५ मिलिमीटर, हे सगळ्यांना दिसतं. पण आतलं भोक २.१चं की २.५चं? डोळ्यांना फरक कळत नाही, म्हणून काका अडीच मिलिमीटरच्या ड्रिल बिटाची दांडी त्यात घालून बघतात. शिरली तर अडीच, अडली तर दोन पॉइंट एक. २.१चा प्लग अडीचच्या पिनेवर बसत नाही. माणूस जोर लावतो आणि सॉकेटची वाट लागते. उलटं केलं तर त्याहून वाईट. प्लग आत जातो, दिवा लागतो, आणि टेबलाला धक्का लागला की इंटरनेट जातं. मग घरातले सगळे कंपनीला शिव्या देतात. “जाणं म्हणजे बसणं नव्हे,” असं म्हणून काका चष्म्यावरून बघतात.

“दोन अँपिअरचा लावला तर राउटर जळेल ना?” हा प्रश्न मात्र त्यांना मनापासून आवडतो. व्होल्टेज अडॅप्टर ठरवतो, करंट यंत्र मागतं. एक अँपिअर मागणाऱ्याला दोनवाला चालतो. दोन मागणाऱ्याला एकवाला दिला की तो तापतो आणि मान टाकतो. छापील आकड्यांवरही काकांचा विश्वास नसतो. जुन्या, विटेएवढ्या जड ट्रान्सफॉर्मरवाल्या अडॅप्टरवर बारा लिहिलेलं असतं आणि लोड नसताना मल्टिमीटर सोळा-सतरा दाखवतो. तो आकडा ते पाहुण्यांनाही दाखवतात. चहा त्यानंतर.

त्यांचा खरा छळ केला तो तिसऱ्या मजल्यावरच्या गिटारवाल्याने. त्याचं पेडल नऊ व्होल्टचं, पिन ५.५ बाय २.१. काकांच्या आर्डुइनो बोर्डाचं सॉकेटही नेमकं तेवढंच, आणि नऊ व्होल्ट त्यालाही चालतात. पण बोर्डाला मध्ये प्लस लागतो, पेडलला मध्ये मायनस! काका आठवडाभर अस्वस्थ. मग त्यांना कारण सापडलं. पेडलमध्ये बॅटरीही असते. अडॅप्टरचा प्लग घातला की बॅटरी आपोआप तुटावी म्हणून सॉकेटमध्ये एक छोटा स्विच असतो, आणि तो बाहेरच्या पत्र्याच्या बाजूला असतो. प्लस बाहेर ठेवला की त्या स्विचचं काम सोपं होतं. हे त्यांनी गिटारवाल्याला जिन्यात उभं करून अर्धा तास समजावलं. मला विचाराल तर त्या इमारतीत त्या संध्याकाळी झालेलं सर्वांत चांगलं वादन तेच.

लॅपटॉपवाले आले की काकांचा सूर खाली येतो. काही लॅपटॉपांच्या प्लगमध्ये मधोमध एक बारीक सुई असते. डेलच्या जुन्या प्लगांत ती वीज वाहायला नसतेच, ‘मी आपल्यातलाच’ हे सांगायला असते. सुई वाकली की लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चार्ज करायला नकार देतो. वशिल्याचा हा प्रकार काकांना अजिबात पटत नाही.

काका अडॅप्टर देतात, पण उसना. वहीत नोंद होते. काकू म्हणतात, “आमच्या लग्नाची तारीख विचारा, त्या वहीत नाही.”

मध्यंतरी जर्मनीतल्या मुलाने फोन केला. “बाबा, इकडे २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइलला टाइप-सी सक्तीचं झालंय. टाका आता ते सगळं.” काका दोन दिवस जेवले कमी. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलींतही एक ६० वॉटला थांबते आणि दुसरी २४० वॉटपर्यंत जाते. वरून दोघी सारख्याच दिसतात. शिवाय चार्जरकडे बारा व्होल्ट मागणारा बोटाएवढा बोर्ड मिळतो, आणि बरेच चार्जर नऊवरून थेट पंधरावर उडी मारतात, बारा देतच नाहीत. संध्याकाळी नव्या चिठ्ठ्या कापायला कात्री निघाली.

परवा शेजारचा मुलगा पुन्हा आला. “काका, टाइप-सी केबल आहे का? कुठलीही चालेल.”

“कुठलीही?” काका म्हणाले. “बस. अगं, दोन कप टाक.”