बोजाऱ्याला कोणत्या गल्लीत?

“अवो वहिनी, नंदी सजवून झाला का तुमचा?”

भिंतीपलीकडून आधी बरबटीच्या शेंगांचं सूप वर येतं, मागोमाग काकू. आमची मधली भिंत छातीएवढी. गप्पांना सोयीची आणि मांजरालाही.

“झाला हो. शिंगांना बेगड लावली, झूल घातली. एक चाक तेवढं निघून राह्यलं.”

“खिळा नोको ठोकू, लाकूड उकलते. सायकलच्या ट्यूबची चकती काप अन् दे आत घालून. बरं, थे राहू दे. पोट्टं उद्या जाणार कुठं? गल्ली ठरली का?”

खरा प्रश्न तोच. विदर्भाबाहेरच्यांना सांगायला हवं, की आमच्याकडे बैलांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी लेकरांचा, म्हणजे तान्हा पोळा. लाकडाचा नंदी, खाली चार चाकं, गळ्यात दोरी. धोतर-फेटा नेसवलेलं, काजळाची मिशी काढलेलं पोरगं तो ओढत दारोदार जातं. घरची बाई नंदीला ओवाळते आणि पोराच्या हातावर बोजारा ठेवते. पैसे, चॉकलेट, बिस्किटाचा पुडा, जे असेल ते. 1806 साली नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी हे सुरू केलं असं सांगतात. लेकरांना बैलाचं मोल कळावं, हा हेतू. आमच्या पोराला बोजाऱ्याचं मोल आधी कळलं.

“हे म्हणतात हायवेकडच्या लेआउटात ने. तिथं म्हणे एकेका घरी वीस-वीस रुपये देतात.”

“देतात ना! पण घरं दोन अन् रिकामे प्लॉट दहा. मधात गवत कमरेएवढं, पावसाचे दिवस, साप निघते. फाटकाफाटकावर कुत्र्याची पाटी. बेल वाजवा, मग वरून कोणीतरी डोकावते, मग सांगते साहेब झोपले. तोवर पोट्ट्याची मिशी घामानं गालावर येते.”

“मग जुन्या वस्तीत?”

“हाव! तिथं ओट्यावर म्हाताऱ्या बसल्या असतात. अनोळखी पोट्टं दिसलं का पयले विचारतात, कोणाचं रे तू? मायचं नाव सांगितलं का आजीचं विचारतात. चुकलं पोट्टं, तर हाताला धरून घरी आणून सोडतात, अन् चहा पिऊन जातात.”

चहाचा अनुभव मलाही आहे. पण त्या वस्तीतल्या नाल्यांचं काय, म्हणून मी विचारलं.

“फरश्या टाकल्या आता. चक्कीपुढची एक फुटली आहे, तिथं हात धर त्याचा. अन् उद्या कर आहे, ध्यानात आहे ना?”

पोळ्याची कर! सकाळी लोक पळसाच्या डहाळ्या गावाबाहेर नेऊन टाकतात, नारबोदच्या नावानं ओरडून ईडापीडा हाकलतात. नागपुरात त्याच दिवशी काळी आणि पिवळी अशा दोन मारबतींचे पुतळे मिरवत निघतात, काळी 1881 पासून, पिवळी 1885 पासून. एवढी ईडापीडा घालवून आल्यावर घरोघरी मटण शिजतं, आणि पुष्कळ ठिकाणी बाटलीही उघडते. कुठं पत्त्यांचा डाव पडतो. सकाळी हाकललेलं संध्याकाळपर्यंत बरंचसं परत आलेलं असतं, असं माझं मत.

“म्हणून सांगतो,” काकूंनी शेंग मोडली, “चारला निघा, सहाला घरात. सात वाजले का मोटरसायकली हवेत चालतात, रस्त्यावर नाही. अन् त्या कोपऱ्यावरच्या पानठेल्यावरून नोको जाऊ. खर्रा घोटणारे बसतात तिथं, त्यांच्या गाड्या आडव्या-तिडव्या. पोट्टं रस्त्याच्या मधातून चालते मग.”

तेवढ्यात शाळेतून परतणाऱ्या मास्तरीणबाई भिंतीशी थांबल्या. चर्चेचा विषय कळल्यावर त्यांनी पिशवी खाली ठेवली. म्हणजे अर्धा तास.

“आमची बाई बी हेच करून राह्यली तिकडं, न्यू जर्सीत,” काकूंनी त्यांनाही आत घेतलं. “31 ऑक्टोबरले भुताचे कपडे घालून पोट्टे घरोघरी गोळ्या मागतात. तिच्या रस्त्याले फूटपाथ नाही, म्हणून गाडीत बसवून दुसऱ्या वस्तीत नेते. ज्याच्या दारावरचा लाईट चालू, तिथंच जायचं. बंद असला तर बेल वाजवायची नाही. कोणाच्या घरापुढं निळा-हिरवा भोपळा ठेवला असते, म्हणजे तिथं खाऊ नाही, खेळणं भेटते. शेंगदाणा न सोसणाऱ्या पोरांसाठी.”

“शेंगदाणा न सोसणारं पोर?” मी विचारलं. आमच्या काटोलात अशा पोरानं चिवडा कसा खावा?

“असतात हो,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “पण तिथल्या आईबापांना भीती वेगळीच. कोणी परक्यानं गोळीत विष घालून दिलं तर? जोएल बेस्ट नावाच्या समाजशास्त्रज्ञानं वर्षानुवर्षं जुन्या बातम्या चाळल्या. परक्यानं असं पोर मारल्याचं एकही प्रकरण पक्कं निघालं नाही. 1974 साली टेक्सासात एक पोरगं मेलं खरं. पण गोळीत सायनाइड घालणारा त्याचा सख्खा बाप होता. विम्याच्या पैशासाठी.”

“अय माय!” काकूंच्या हातातली शेंग सुपात पडली.

“मारतात त्या गाड्या. 1975 ते 2016 चे अमेरिकेतले अपघात तपासले, तर 31 ऑक्टोबरच्या संध्याकाळी पायी चालणाऱ्यांचा जीव जाण्याचा धोका इतर संध्याकाळींपेक्षा 43 टक्के जास्त निघाला.”

“सांगितलं ना मी! मोटरसायकली.” टेक्सासची बातमी बाजूला सारून काकू पानठेल्यावर परत आल्या.

मला स्वतःला आणखी एका गोष्टीची धास्ती आहे. मागच्या साली एका घरी लेकरांना ओळीत उभं करून फोटो काढले, रात्री ते त्यांच्या स्टेटसला. बोजारा दोन रुपये, फोटो वीस. आमच्या पोराचं नाव, शाळा, सगळं खाली लिहिलेलं. कोणाचं घर ते सांगत नाही. गल्लीतल्या सगळ्यांना माहीतच आहे.

“पिवळ्या फाटकाचं,” काकू म्हणाल्या.

“काकू!”

“मी कुठं काय बोलली?”

शेवटी ठरलं ते असं. देवळापासून निघायचं, जुन्या वस्तीच्या आतल्या गल्लीनं चक्कीपर्यंत, तिथून मागं फिरून आमच्या गल्लीत. मोठी पोरं पुढं, चाक निघणारा नंदी मधात, मागं मास्तरीणबाई. पिवळं फाटक वगळायचं की नाही यावर एकमत झालं नाही. पोरांच्या मते तिथं चॉकलेट मोठं असतं.

“बरं वहिनी,” काकू सूप उचलता उचलता थांबल्या, “उद्या आपल्याकडं बी येतीन चाळीस-पन्नास पोट्टे. तुमच्यापाशी दहाची चिल्लर आहे का? पाचशेची मोड करून द्या न बाप्पा. किराण्यावाला मोडीच्या बदल्यात गोळ्याच देऊन राह्यला.”