स्टोअर्सवाले तात्या

ठाणे-बेलापूर रोडवरच्या कितीतरी केमिकल कंपन्या गेल्या, तिथे काचेचे आयटी पार्क आले. पण त्या कंपन्यांच्या स्टोअर्समधून निवृत्त झालेली माणसं कुठे जाणार? ती नेरुळ-कोपरखैरण्यात घरीच असतात आणि हाताला लागेल त्याचा स्टॉक घेतात. आमच्या मजल्यावरचे तात्या त्यांतलेच. डाळ-तांदळाच्या डब्यांना काकूंनी हात लावू दिला नाही, तेव्हा तात्यांनी मोर्चा सुनेच्या बाटल्यांकडे वळवला.

बाथरूममध्ये गीझरखाली ग्लायकॉलिक, लॅक्टिक आणि सॅलिसिलिक या कातडीला लावायच्या ॲसिडांच्या बाटल्या उभ्या होत्या. लेबलं वाचूनच तात्यांचा चेहरा उजळला, थेंबही न लावता.

ग्लायकॉलिक सहजासहजी बिघडत नाही. पण झाकण सैल राहिलं की पाणी उडतं आणि उरलेलं जहाल होतं, हे त्यांनी मला जिन्यात अडवून सांगितलं. मी कोथिंबीर आणायला निघालो होतो. सुनेने बाटल्या फ्रिजच्या दारात ठेवल्या, तर तात्या कडाडले, "सॅलिसिलिक मुळात पाण्यात जेमतेम विरघळतं. गारठ्यात त्याचे खडे धरतील, सूनबाई!" काकूंची भीती साधी होती. शेजारीच कोकमाचं आगळ होतं, आणि पाहुणे कधीही येतात.

शेवटी बाटल्या बेडरूमच्या कपाटात गेल्या. ऊन नाही, वाफ नाही, आणि किल्ली तात्यांच्या जानव्याला. वहीही आली. बाटलीवर उघड्या डबीचं चित्र असतं, त्यात '12एम' म्हणजे उघडल्यापासून बारा महिने. छापलेली मुदत त्याहून वेगळी. दोन्हींत आधी येईल ती तात्या लाल शाईने लिहितात. दर महिन्याला पीएच पट्टी बुडवतात. साडेतीनच्या आसपास रंग आला की खूश. चारच्या वर गेला की बाटलीशी बोलणं टाकतात. खुद्द पट्टीच्या डबीवर 2009 साल आहे, पण ते दाखवायची घरात कोणाची छाती नाही.

माल रात्रीच मिळतो, तोही सनस्क्रीनची ट्यूब दाखवल्यावर. ग्लायकॉलिक, लॅक्टिक लावलेली कातडी उन्हाला हळवी होते, ट्यूब नाही तर इश्यू नाही. यात तात्यांचं काही चुकत नाही, हीच खरी पंचाईत. चुकत असते तर काकूंनी त्यांना केव्हाच भाजी निवडायला बसवलं असतं.

परवा सुनेने वही उघडली. ग्लायकॉलिकची बाटली आठव्याच महिन्यात 'स्क्रॅप', तीही निम्मी भरलेली. सुचवणार तात्या, मंजूर करणार तात्या, माल ताब्यात घेणार तात्या.

"बाबा, ही कुठे गेली?"

तात्यांनी पाय खुर्चीखाली ओढले.

"तरीच!" काकू म्हणाल्या. "हल्ली यांच्या टाचांना चादरीचे धागे अडकत नाहीत."

"स्क्रॅपची विल्हेवाट स्टोअर्सच्या अखत्यारीत येते," तात्या म्हणाले.

सुनेने लाल पेन मागून घेतलं आणि त्याच ओळीपुढे शेरा मारला: 'सनस्क्रीनची ट्यूब न दाखवता माल उचलला. खुलासा द्यावा.'