चार फुटी परसात कोठी बांधताना

परसदारी सामानाची कोठी स्वतःच्या हाताने बांधा, असा सल्ला देणाऱ्याला आधी परस असतो. गिरगाव-लालबागकडच्या वाचकाचा परस गावी असतो आणि तोही चुलत्यांच्या ताब्यात. मुंबईत त्याच्या वाट्याला येतो खोलीपुढचा पॅसेज, ज्याला लाडाने गॅलरी म्हणतात. तेव्हा हे मार्गदर्शन वरच्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाला, कौलं संपतात तिथे उभारायच्या कोठीपुरतं आहे. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांत ज्यांनी तीन पिढ्या आणि एक शिलाई मशीन बसवलं, त्यांना शिकवायला जाणं हा आगाऊपणाच. पण नवी पिढी व्हिडिओ बघून भिंतीला भोकं पाडू लागली आहे, म्हणून लिहावं लागतं.

सगळ्यात जास्त वेळ भूसंपादनाला लागतो. सुरुवात तुळशीच्या कुंडीने करावी, तिला कोणी हरकत घेत नाही. महिन्याभराने कुंडीशेजारी पिंप आणावं. दोनशे लिटरचं पिंप भरलं की पाण्याचंच दोनशे किलो होतं आणि गॅलरीखालचं लाकूड बर्मा टीक असलं तरी आजोबांच्या वयाचं असतं. म्हणून पिंप रिकामंच ठेवावं. जागा तितकीच अडते. पिंपावर फळी, फळीवर गादी, गादीवर ताडपत्री. मग शेजारी विचारतातच.

“काय रे, हे काय मांडलंयस?”

“काही नाही काकू, पाऊस संपेपर्यंत.”

“ठेव बाबा. माझ्या वाळवणावर सावली नको म्हणजे झालं.”

कोणत्या वर्षीचा पाऊस, हे आपण होऊन सांगू नये. काकूंचा होकार हाच कोठीचा पाया. मात्र चकल्यांचा पहिला घाणा वर्षानुवर्षं त्यांच्याकडे पोचवावा लागतो.

मोजमापाला टेप लागत नाही. पॅसेजमधून लोखंडी कपाट आडवं गेलं पाहिजे, सकाळच्या घाईत बादली घेतलेली दोन माणसं अंग न लावता गेली पाहिजेत, आणि जिन्याच्या वळणाशी तिरडी फिरली पाहिजे. तिसरी अट चाळीत कोणी तोंडाने बोलून दाखवत नाही. पण कोठी जर त्या आड आली, तर तेराव्यापर्यंत थांबून चौदाव्या दिवशी सगळी चाळ हातोडा घेऊन येते.

कायद्याचंही थोडं बघू. मुंबई महानगरपालिकेचा कायदा १८८८ चा. त्यातलं कलम ३५४-अ विनापरवाना चालू असलेलं बांधकाम थांबवण्यासाठी आहे. पोटमाळ्याची उंची नियमाने जास्तीत जास्त दीड मीटर, म्हणजे तिथे उभं राहण्याची हौस कायद्यालाच मान्य नाही. पागडीच्या खोलीच्या मालकाला जे भाडं मिळतं, त्यात वसुलीला येण्याचं टॅक्सीभाडंही सुटत नाही, तरी त्याला आधी सांगितलेलं बरं. इमारत १ सप्टेंबर १९४० पूर्वीची असेल तर ती उपकरप्राप्त ‘अ’ वर्गातली, आणि म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाने तिला कदाचित टेकू लावलेले असतील. त्या टेकूंना दोरी बांधून ते कोठीचे खांब समजू नयेत. ते तुमच्या चाळीचे खांब आहेत.

सांगाड्यासाठी अँगल आणि नटबोल्ट नागदेवी स्ट्रीटला, लाकूड रे रोडला. प्लायवूड विकत घेणारा माणूस मात्र मूळचा चाळीतला नव्हेच, कारण गेल्या चार गणपतींची मखरं घरातच असतात. त्यांच्यावर मागच्या बाजूला महिरप रंगवलेली असते, ती कोठीच्या आत घ्यावी.

आता छप्पर. इथे मात्र थट्टा नको, कारण पाणी थट्टा समजत नाही. पत्रे खालून वर लावत जायचे, म्हणजे वरचा पत्रा खालच्यावर चढतो आणि तोही निदान सहा इंच. शेजारच्या पत्र्यावर दीड पन्हळ गेली पाहिजे. आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून जोडाचं तोंड त्या दिशेला ठेवायचं नाही. जे-हुक पन्हळीच्या उंचवट्यावर, डांबरी वॉशर घालून. हौशी माणूस तो हमखास खळगीत मारतो, कारण खळगीत हातोडा नीट बसतो. पाणीही तिथूनच वाहतं, आणि मग श्रावणभर त्या एका भोकाखाली एक पातेलं कायमचं वास्तव्याला जातं.

पत्रा जिथे चाळीच्या कौलांना भिडतो तिथे जपावं. ही मंगलोरी कौलं. बासेल मिशनने मंगळूरला त्यांचा कारखाना काढला तो १८६५ साली. कौलांवर चढावंच लागलं तर पाय खालच्या रिपेच्या रेषेत टाकावा. रीप चुकली तर पुढचं पाऊल थेट काकूंच्या स्वयंपाकघरात पडतं आणि पाया खचतो.

काम कधी उरकावं? मुंबईत मोसमी पावसाची ठरलेली तारीख ११ जून. २०२५ साली तो २६ मेलाच आला आणि निम्म्या मुंबईच्या ताडपत्र्या अजून क्रॉफर्ड मार्केटमागच्या दुकानांतच होत्या. किती पावसाला टिकेल असं छप्पर करायचं, हेही ज्याने त्याने ठरवावं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, कुलाब्याला त्याच दिवशी पंचाहत्तरच्याही आत. गिरगाव कुलाब्याच्या बाजूला पडतं म्हणून गिरगावकर निर्धास्त असतात. लालबागकरांनी एक डांबरी पट्टी जास्त मारावी.

कोठीत काय ठेवायचं हा प्रश्न शेवटी येतो आणि खरं तर तो येऊच नये. तांब्याचा बंब, पाटा-वरवंटा, गिरणीत असताना घेतलेली पत्र्याची ट्रंक आणि २०१८ च्या बंदीच्या आधीचं थर्माकोलचं मखर, जे आता वापरता येत नाही आणि फेकायला नेताना कोणी बघेल म्हणून फेकताही येत नाही. जी वस्तू तुम्हाला वर्षातून एकदा तरी लागते, ती इथे ठेवू नये. ती खाटेखालीच बरी.

पुनर्विकासात टॉवर मिळणाऱ्यांना हे मार्गदर्शन निरुपयोगी वाटेल. वरळीच्या बीडीडीकरांना १६० च्या जागी ५०० चौरस फूट मिळाले, लिफ्ट मिळाली. बंब मात्र बरोबरच येतो. टॉवरात प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या बाजूला एक कोपरा असतो. तिथे आधी तुळशीची कुंडी ठेवून पाहावी. फायर ब्रिगेडची पाहणी असते, त्यामुळे पुढचं सगळं चाकांवर बांधावं.